एकत्र राहण्याचा हट्ट

बदलीच्या हुकुमाने माणसाला गाव मिळते. शेजार मात्र ज्याचा त्याने मिळवावयाचा असतो. फरीदाबादेस बिऱ्हाड मांडल्यावर पहिले कित्येक महिने आम्हांला येथे आपले म्हणण्याजोगे काही दिसेना. पेठांना नावेसुद्धा नाहीत, नुसते आकडे: एक नंबर, दोन नंबर, पाच नंबर! या आकड्यांमागची हकीगत कळली तेव्हा मात्र आमची दृष्टी पालटली.

जहांगिराचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ साली वसविलेले जुने गाव निराळे. ही वसाहत फाळणीनंतरची. वायव्य सरहद्द प्रांतातील बन्नू, कोहाट, डेरा इस्माइलखान या भागांतून परागंदा झालेले हिंदू व शीख छावण्यांतून दिवस कंठीत होते. त्यांना अलवर-भरतपूरकडे पाठविण्याचे घाटत होते. त्यांनी ते साफ नाकारले. त्यांची बोली वेगळी, रीतभात वेगळी. पंजाबी निर्वासितांतही ते काहीसे परकेच. विखुरलो की संपलो, हे त्यांनी जाणले होते. शिवाय त्यांच्यात बादशहाखानांचे खुदाई खिदमतगार होते, आणि सत्याग्रह त्यांना नवा नव्हता.

१९४९ साली राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले. सुधीर घोष प्रशासक. पंडित नेहरू स्वतः बैठकांना येऊन बसत. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनच्या पुढाकाराने बांधकाम ठेकेदारांऐवजी निर्वासितांच्याच सहकारी संस्थांकडे आले. ज्या हातांना तराजूची सवय, त्यांनी विटा वाहिल्या आणि सुमारे ५,००० घरे उभी केली. मुलांच्या शिक्षणासाठी सेवाग्रामची नयी तालीम आली. आशादेवी आर्यनायकम् यांनी त्यात लक्ष घातले. वर्ध्याचा हा धागा सापडल्यावर आम्हांस उगाच माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले! इस्पितळाला नाव दिले गेले ते सरहद्दीपलीकडे राहिलेल्या बादशहाखानांचे.

पुढे कारभार सरकारी खात्याच्या चाकोरीत गेला आणि सहकाराचा प्रयोग ओसरला. त्या काळी तेथे काम केलेल्या लक्ष्मीचंद जैन यांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात ही खंत मांडली आहे. आम्हां खर्डेघाशांनी ते पुस्तक जरा मान खाली घालूनच वाचावे.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. तंबूतून येथे आले तेव्हा ते सहा-सात वर्षांचे होते. त्या दिवसांविषयी विचारले की ते हालअपेष्टा सांगतील, अशी आमची अपेक्षा. ते सांगतात निराळेच: संध्याकाळी काम सुटल्यावर अर्धवट भिंतींवर बसून मोठी माणसे बन्नूच्या बोलीत गाणी म्हणत, आणि कोणाचे घर कोणते हे अद्याप ठरलेले नसल्यामुळे मुले सगळ्याच घरांना आपले म्हणत. त्यांच्या मागील दारची भिंत किंचित कललेली आहे. ती वडिलांनी रचली, म्हणून आजवर कोणी सरळ केली नाही. परवा आमच्या धाकट्याला त्यांनी त्या भिंतीवर बसविले व आपल्या बोलीतले एक गाणे शिकविले. अर्थ आम्हां कोणालाच कळत नाही. पोरगा मात्र ते दिवसभर म्हणत असतो.