कुळाचे नाव: कंधार तालुक्यातील शेतनोंदींचा इतिहास

मन्याड नदीच्या खोऱ्यातील कंधार हे राष्ट्रकूटकाळापासून प्रसिद्ध असलेले ठाणे असले, तरी तेथील शेतजमिनीच्या हक्कांची आधुनिक नोंदपद्धती निजामाच्या हैदराबाद संस्थानात घडली. त्यामुळे भाड्याने किंवा बटईने घेतलेल्या जमिनीच्या नोंदीत मूळ कुळाखेरीज आणखी कोणाचे नाव लागू शकते, या प्रश्नाचे उत्तर येथे मुंबई इलाख्याहून वेगळ्या कायद्यांतून शोधावे लागते.

1317 फसलीच्या, म्हणजे इ.स. 1907-08 च्या, हैदराबाद जमीन महसूल कायद्याने शेतीशी संबंधित माणसांचे तीन वर्ग केले होते. ज्याच्या नावे सारा आकारला जाई तो पट्टेदार, त्याच जमिनीत पट्टेदारासोबत हक्क असलेला तो शिकमीदार, आणि या दोघांपैकी कोणाकडूनही जमीन कसायला घेणारा तो असामी शिकमी. यांतील शेवटचा वर्ग सर्वांत दुबळा होता, कारण त्याचा करार बहुधा तोंडी असे आणि दप्तर पटवाऱ्याच्या हाती असे. त्याच्यासोबत राबणारा भाऊ, मेव्हणा किंवा भागीदार यांना तर कागदावर क्वचितच जागा मिळे. 1354 फसलीच्या असामी शिकमी कायद्याने या वर्गाला काही संरक्षण देण्याचा प्रयत्न केला, परंतु खरा पालट संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर घडला.

1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने संरक्षित कूळ हा दर्जा निर्माण केला. ठरावीक काळात सलग किमान सहा वर्षे जमीन कसल्याचे दाखवता येणे ही त्याची एक प्रमुख कसोटी होती, म्हणजेच हक्काचा आधार प्रत्यक्ष वहिवाट हा ठरला. मात्र हा हक्क मिळालेल्या कुळाला आपल्या मर्जीने बाहेरच्या माणसाला त्यात घेण्याची मुभा नव्हती. जमीन पोटकुळाला देणे किंवा आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करणे सामान्यतः मना होते. बड्या सावकाराने कुळाच्या आडून जमीन बळकावू नये, यासाठी असा निर्बंध उपयोगी होता. कुळाच्या मृत्यूनंतर वारस पुढे येत, पण मूळ तरतुदीत वारस म्हणजे पुरुष वंशज किंवा दत्तक पुत्र, आणि ते नसतील तरच पुनर्विवाह न केलेली विधवा. खुरपणी, वेचणी आणि काढणी यांत आयुष्य घालवणाऱ्या मुलीला या व्याख्येत स्थान नव्हते, आणि हा त्या पुरोगामी कायद्यातील मोठा अन्याय होता.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 लागू झाल्यावर नाव लावण्याच्या मागणीची रीत निश्चित झाली. वारसा, वाटणी, खरेदी किंवा पट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने हक्क मिळवणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला तोंडी किंवा लेखी वर्दी द्यावी, तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद करून हितसंबंधितांना कळवावे, हरकत आल्यास तिची वेगळी नोंद व्हावी आणि चौकशीनंतरच अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित करावा, असा हा क्रम आहे. कुळाचे नाव मग सातबाऱ्यावर येते. जमीनमालकाला आणि इतर हक्कदारांना बोलण्याची संधी देणारी ही पद्धत पटवाऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या जुन्या व्यवहारापेक्षा निःसंशय न्याय्य आहे.

प्रत्यक्ष वहिवाटीला हक्काचा आधार मानण्याचे तत्त्व घरभाड्याच्या क्षेत्रातही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये, आढळते. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा विचार प्रथम होतो, करारात मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. सोबत न राहणाऱ्या व्यक्तीचे नाव वाढवायचे असेल, तर मालकाची संमती आणि नवा लेखी करार हाच सुरक्षित मार्ग उरतो.

या दीर्घ प्रवासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते: कायद्याने जमीन कसणे आणि घरात राहणे यांना हक्काचा पाया मानले, परंतु ज्यांचे नाव वेळेवर कागदावर आले नाही त्यांचे श्रम पुढच्या पिढीला सिद्ध करता आले नाहीत. म्हणून नाव लावण्याची मागणी, मग ती विधवेची असो, मुलीची असो वा भागीदाराची, कार्यालयाने टाळू नये. मान्य असो वा अमान्य, तिचे उत्तर कारणांसह आणि लेखीच दिले पाहिजे.