अक्षर, आकार आणि संकेतस्थळ : र. कृ. जोशी यांचा मार्ग

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे आयुष्य काढलेल्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता महाराष्ट्रभर पोचली ती प्रथम ध्वनिमुद्रिकेवरून. जी. एन. जोशी यांच्या आवाजातील ती तबकडी घरोघर वाजत होती. त्याच नावाचा काव्यसंग्रह पुढे १९५४ साली निघाला. तबकडीला अक्षराची गरज नव्हती, गळा पुरेसा होता. तीच कविता संकेतस्थळावर वाचायची झाली की प्रश्न बदलतो. तेथे कागद नाही, शाई नाही. संगणकाने अक्षर कसे साठवले, यावरच कवितेचे अस्तित्व अवलंबून असते. म्हणून मराठी संकेतस्थळांच्या रचनेचा इतिहास आम्हांला अक्षरापासून सुरू करावासा वाटतो, आणि त्या वाटेवर प्रथम भेटतात ते र. कृ. जोशी (१९३६–२००८).

जोशी हे सुलेखनकार, जाहिरातींचे रचनाकार, शिक्षक आणि कवीही. लघुनियतकालिकांच्या काळात त्यांनी दृश्यकाव्याचे प्रयोग केले. ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत दीर्घकाळ काम करून १९८३ साली ते मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प केंद्रात अध्यापक झाले. पुढे ते एनसीएसटी या संगणकसंस्थेशी निगडित राहिले. ही संस्था नंतर सीडॅकमध्ये विलीन झाली. बोरूपासून ‘विन्यास’ या अक्षररचनेच्या संगणकप्रणालीपर्यंतचा हा प्रवास ‘मंगल’ या टंकापाशी, म्हणजे फाँटपाशी, येऊन पोचला. विनय सायनेकर यांच्या साहाय्याने घडवलेला हा टंक विंडोज २००० बरोबर लक्षावधी संगणकांवर गेला. जोशींनी संकेतस्थळे बांधली नाहीत. पण मराठी संकेतस्थळ ज्या पायावर उभे राहते, त्या पायात त्यांचे काम आहे.

त्यापूर्वीची स्थिती काय होती? बहुतेक मराठी संकेतस्थळे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून चालत. वाचकाकडे नेमका तोच टंक असेल तर मजकूर दिसे. नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढीग. शोधयंत्राला तर तो ढीगच दिसे. संगणकाच्या लेखी त्या पानावर मराठी नव्हतेच, होती ती मराठीची चित्रे.

युनिकोडने ही अवस्था पालटली. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान होते, आणि त्याचा आधार होता ‘इस्की’ हे भारतीय मानक. यामागील विचार साहित्याच्या अभ्यासकाने समजून घ्यावा असा आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि ‘क’ नंतर. खिळे जुळवणारा त्याच क्रमाने खिळे लावी. जुने टंकही मजकूर त्याच क्रमाने साठवीत. युनिकोडमध्ये ‘क’ आधी साठवला जातो, इकार नंतर. म्हणजे उच्चाराचा क्रम राखला जातो. वेलांटीला डावीकडे नेणे हे टंकाचे काम. ध्वनी एकीकडे, आकार दुसरीकडे अशी ही विभागणी आहे. भारतीय भाषांसाठी ‘देशनागरी’ या समान लिपीची कल्पना मांडणाऱ्या, आणि वैदिक स्वरचिन्हांना युनिकोडमध्ये स्थान मिळावे म्हणून अखेरपर्यंत खटपट करणाऱ्या जोशींच्या कामातही हीच दृष्टी दिसते. आकार हाताचा, पण अक्षराचे मूळ ध्वनीत. ती वैदिक चिन्हे २००९ साली युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत आली. ते पाहायला जोशी नव्हते.

ही विभागणी किती सूक्ष्म होते, ते मराठीच्या ‘र’वरून कळते. बुलढाण्याजवळच्या अजिंठा डोंगरांतील ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ हे दोन शब्द डोळ्यांना आणि कानांना वेगळे आहेत. संगणकालाही ते वेगळे ठेवावे लागतात, आणि त्यासाठी ‘ऱ’ला स्वतंत्र संकेत आहे. तो न वापरणारा संपादक नकळत दरीत समुद्र भरतो.

परंतु आकार निव्वळ टंकावर सोपवला की आणखी एक प्रश्न उभा राहतो : आकार कोणाचा? मराठी आणि हिंदी ‘ल’ला संकेत एकच, वळणे मात्र दोन. ‘श’चेही तेच. ‘मंगल’मधील वळण हिंदीचे होते, आणि पडद्यावर वाचणाऱ्या मराठी मुलांच्या डोळ्यांना तेच सवयीचे होऊ लागले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला. पुढील काही टंकांत दोन्ही वळणे अंतर्भूत झाली. पानाची भाषा मराठी असल्याची सांकेतिक नोंद केली की मराठी वळण उमटते. ही नोंद वाचकाला दिसत नाही, आणि म्हणूनच ती अनेकदा राहून जाते.

आमच्या मते, संकेतस्थळाच्या रचनेचे तत्त्वज्ञान या न दिसणाऱ्या निवडींत आहे. पाठचिकित्सा शिकवताना आपण हस्तलिखितांतील पाठभेद तपासतो. जुन्या टंकांत अडकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणतानाही पाठभेद शिरतात, रफार हलतात, जोडाक्षरे सुटतात. ते तपासणार कोण? हे काम तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होता येणार नाही. ‘दर्या’ की ‘दऱ्या’, हे ओळीचा अर्थ जाणणाऱ्यालाच सांगता येते.