पडद्यावर मुंग्या, दोष कुणाचा?

विषय ऐकून काही जण हसले. तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस घरातल्या अँटेनावर काय बोलणार? पण ऐंशीच्या दशकात पुलगावात टीव्ही पाहिलेल्या माणसाला हा विषय टाळता येत नाही.

भारतात टीव्हीचं प्रसारण 15 सप्टेंबर 1959 ला दिल्लीत सुरू झालं, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला. 1984 मध्ये लहान प्रक्षेपकांचं जाळं देशभर झपाट्यानं वाढलं. तरी आमची नजर नागपूरकडेच. सरळ रेषेत ते इथून सुमारे 90 किलोमीटर. या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी तर गोल. 100 मीटर उंच मनोऱ्याची पोच सपाट प्रदेशात साधारण 40 किलोमीटर धरतात. म्हणून इथल्या छपरांवर उंच पाइप उभे राहिले आणि त्यांवर आडव्या दांड्यांची अँटेना आली. उदा आणि यागी या जपानी संशोधकांनी ती 1926 मध्ये मांडली होती.

मी भाड्याच्या खोलीत राहायचो. घरमालक छपरावर पाइप लावू देईना. मग टेबलावरची दोन दांड्यांची अँटेना आणली. दुकानदार म्हणाला, ‘सर, दांड्या पूर्ण ताणा.’ तेही नेहमी खरं नसतं. 200 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दीड मीटर. दोन्ही दांड्या मिळून तिच्या निम्म्या, म्हणजे पाऊण मीटर हव्यात. त्या आडव्या धरायच्या आणि त्यांची रुंद बाजू मनोऱ्याकडे करायची. अँटेना खिडकीशी, उंचावर, टिनाच्या पत्र्यापासून दूर ठेवायची. हे सगळं केलं. तरी पडद्यावर मुंग्याच!

1987 च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी शेजारीपाजारी जमत. मी दांडी धरली की चित्र थोडं उजळे, कारण माणसाचं शरीरही अँटेनाचा भाग होतं. सोडली की गेलं. सगळे ओरडत, ‘सर, तिथंच उभे राहा!’ मी मात्र टीव्हीच्या डब्याला शिव्या देत होतो.

पुढे घर बदललं. छपरावर पाइप आला, बूस्टर आला. टीव्ही तोच, चित्र मात्र स्वच्छ. मी दोन वर्षं भलत्यालाच दोष देत होतो.

त्याच काळात आर्वीकडच्या खेड्यातला एक मुलगा माझ्या वर्गात गप्प बसायचा. ‘याच्या डोक्यात शिरत नाही,’ असं मी स्टाफरूममध्ये म्हणालो होतो. माझी पुस्तकी, संस्कृतप्रचुर भाषा त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. मी सोपं बोलून पाहिलंच नाही. परीक्षेआधीच त्यानं कॉलेज सोडलं. टीव्हीची चूक मला दुरुस्त करता आली, ही नाही.

2021-22 मध्ये दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक बहुतेक ठिकाणी बंद झाले. आता मुलांच्या हातात मोबाइल आहे. ऑनलाइन वर्गात एखाद्याचा आवाज तुटला, की आपण म्हणतो, याचं लक्ष नाही. आधी विचारा, बाबा, तुझ्या गावात टॉवर किती लांब आहे?

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.