विकिडेटा

विकिडेटा : माणसांना वाचता येईल आणि संगणकालाही उमगेल अशा रीतीने माहिती साठविणारा मुक्त, बहुभाषिक ज्ञानसंच. विकिमीडिया फाउंडेशनचा हा प्रकल्प २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाला. त्याची उभारणी बर्लिनच्या विकिमीडिया डॉइचलँड या संस्थेने केली. सुरुवातीच्या काळात डेनी व्रांडेचिच हे त्याचे प्रमुख होते.

पार्श्वभूमी : ‘मराठी देवनागरीत लिहिली जाते’ हे वाक्य संगणकाच्या लेखी नुसती अक्षरांची ओळ असते. वेबवरील मजकुराचा अर्थ संगणकालाही लावता यावा, हा सिमँटिक वेबचा विचार टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर व ओरा लासिला यांनी २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील लेखात मांडला. त्यासाठी लागणारी आरडीएफ ही मांडणीची पद्धत १९९९ मध्ये, तर स्पार्कल ही प्रश्नभाषा २००८ मध्ये प्रमाणित झाली.

रचना : विकिडेटात प्रत्येक गोष्टीला ‘क्यू’ने व प्रत्येक गुणधर्माला ‘पी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. वरील वाक्य तेथे तीन पदांत मावते : क्यू१५७१ (मराठी), पी२८२ (लिपी), क्यू३८५९२ (देवनागरी). क्रमांक सर्व भाषांत एकच असतो. त्यावरचे नाव तेवढे भाषेनुसार बदलते. विधानाला स्रोत जोडता येतो आणि मतभेद असल्यास एकाहून अधिक मूल्ये ठेवता येतात. शिवाजी महाराजांच्या जन्माचे वर्ष १६२७ की १६३० असा वाद आपल्याकडे दीर्घकाळ चालला. अशा प्रसंगी दोन्ही मते आपापल्या आधारांसह नोंदविण्याची सोय या रचनेतच आहे.

उपयोग : निरनिराळ्या भाषांतील विकिपीडिया लेखांना जोडणारे दुवे २०१३ पासून येथे एकत्र ठेवले जातात, अनेक लेखांतील माहितीचौकटीही येथूनच भरतात. २०१५ मध्ये स्पार्कलमधून प्रश्न विचारण्याची प्रश्नसेवा सुरू झाली. महाराष्ट्रात जन्मलेल्या लेखिकांची यादी किंवा त्यांच्या जन्मगावांचा नकाशा तिच्याकडून एका प्रश्नात मिळू शकतो. अर्थात, नोंदी भरल्या असतील तेवढाच. स्कोलिया हे वेब-ॲप्लिकेशन याच साठ्यावरून संशोधकांचे लेखन, सहलेखक व विषय यांचे चित्र उभे करते. माहिती सीसी-झीरो या परवान्याखाली असल्याने ती कोणालाही विनाअट वापरता येते.

मराठीच्या दृष्टीने महत्त्व : एखाद्या जर्मन वा तमिळ संपादकाने भरलेली तारीख मराठी वाचकालाही लाभते. ज्या भाषेत संपादक थोडे, तिला हा मोठाच आधार आहे. २०१८ पासून शब्द व त्यांची रूपेही नोंदविता येतात, त्यामुळे मराठीच्या विभक्तिरूपांनाही येथे जागा आहे. मात्र एखाद्या गोष्टीचे मराठी नाव कोणी लिहिलेच नसेल, तर मराठी वाचकासमोर दुसऱ्या भाषेतील नाव किंवा नुसता क्रमांक येतो. हे एक नाव भरणे मिनिटभराचे काम आहे; पण त्यावाचून ती गोष्ट मराठीत शोधणाऱ्याला सापडत नाही.