नागिणीचा विळखा आणि मज्जातंतूंचा नकाशा

अमरावती-अकोल्याकडे छातीवर किंवा कमरेवर, एकाच बाजूला, पाणीदार फोडांचा पट्टा उठला की 'नागीन झाली' म्हणतात. तिचे तोंड आणि शेपूट जुळले तर माणूस दगावतो, हा समज महाराष्ट्रभर आढळतो. म्हणून गेरूचा लेप देऊन, मंत्र घालून ती 'उतरवली' जाते. तीन-चार आठवड्यांत फोड आपोआप सुकतात आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. पण काहींची, विशेषतः साठी उलटलेल्यांची, आग त्यानंतरही महिनोन्‌महिने शमत नाही. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही. कातडी तर बरी झाली, मग दुखते काय?

या रोगाचे शास्त्रीय नाव हर्पिस झोस्टर. 'हर्पिस'चा ग्रीक धातू सरपटण्याचा. आपला 'सर्प' त्याच मुळातून आला. 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. ग्रीकांनी आणि आपण एकच चित्र पाहिले होते!

पट्टा एकाच बाजूला का, याचे उत्तर प्रथम शवविच्छेदनातून मिळाले. १८६३ च्या सुमारास बर्लिनच्या फॉन बेरेनस्प्रुंग यांना पाठीच्या कण्यालगत, संवेदी मज्जातंतूच्या मुळावरील गाठीत बिघाड दिसला. १९०० साली इंग्लंडमध्ये हेड आणि कॅम्बेल यांनी अशी २१ शवविच्छेदने मांडली आणि कोणत्या गाठीकडे त्वचेचा कोणता पट्टा येतो याचा नकाशा काढला. प्रत्येक गाठीचा पट्टा शरीराच्या मध्यरेषेशी संपतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट सहसा जुळत नाहीत, ते यामुळे. मंत्राचा त्यात काही वाटा नाही. क्वचित दोन्ही बाजूंना फोड आले, तर प्रतिकारशक्ती क्षीण आहे का, हे डॉक्टरांनी पाहायला हवे. पण पट्टे जुळल्यामुळे मृत्यू येत नाही.

गाठीत बिघाड कोण करते? १९५० च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलर यांनी कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच असल्याचे दाखवले. सायरेन्सेस्टर या इंग्रजी गावातले साधे डॉक्टर होप-सिम्प्सन यांनी आपल्या रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली पुढचा दुवा मांडला : लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू गाठीत दडून राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती घटली की पुन्हा जागा होतो.

आता वेदनेचा उलगडा होतो. विषाणू मज्जातंतूलाच इजा करतो. कातडी भरून येते, पण बिघडलेला तंतू खोटे संदेश पाठवत राहतो. म्हणून नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा चालत नाहीत. १९८२ साली नैराश्यावरचे अमिट्रिप्टिलीन आणि १९९८ साली अपस्मारावरचे गॅबापेंटिन या वेदनेवर उपयोगी ठरले. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

एक उपाय तर आपल्या ओळखीच्या पिकातला आहे. वरूड तालुक्यातील राजुरा बाजार मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. मिरचीतल्या तिखट द्रव्याला थ्रेश यांनी १८७६ साली 'कॅप्सेसिन' नाव दिले. हे द्रव्य मज्जातंतूवरील ज्या ग्राहीला चिकटते, तीच ग्राही उष्णताही ओळखते, हे डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. सतत चेतवला गेलेला तंतू काही काळ बधिर होतो. याच तत्त्वावरची ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी अमेरिकेत २००९ साली मान्य झाली. घरची मिरची वाटून लावणे मात्र धोक्याचे आहे.

या साऱ्या इतिहासातून आपल्यासाठी एक आकडा निघतो : ७२ तास. फोड दिसल्यापासून एवढ्या अवधीत असायक्लोव्हिरसारखे विषाणुरोधक औषध सुरू झाले, तर आजाराची तीव्रता कमी होते. रेंगाळणारी वेदना टळेलच अशी हमी त्याने मिळत नाही. पण मंत्रासाठी गावोगाव हिंडण्यात नेमके हेच तीन दिवस निघून जातात. फोड डोळ्याजवळ असतील, तर तासभरही थांबू नये. पन्नाशीनंतर घ्यायची दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतातही मिळते. ती महाग आहे.

वर्गात मानवी शरीराची आकृती काढून त्यावर हे पट्टे रंगवता येतील. नागिणीचे तोंड आणि शेपूट का जुळत नाहीत, हे मुले त्यावरून स्वतःच सांगतील. घरी आजोबांच्या अंगावर फोड उठले, तर दवाखान्यात लगेच जायला सांगणारेही तेच असतील.