बोलक्या पेट्यांचे आयुष्य

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून जी वस्तू हमखास खाली उतरते, ती म्हणजे आजोबांच्या वेळचा रेडिओ. त्याच्यावरची धूळ पुसली जाते, मुले त्याची बटणे पिरगाळून पाहतात आणि मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला द्या; दुसरा म्हणतो, असू द्या, आठवण आहे. तो पुन्हा बोलू शकेल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वाचकहो, प्रस्तुत लेख त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे.

या बोलक्या पेट्यांत वडीलपणाचा मान फोनोग्राफ-ग्रामोफोनचा. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला व गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख बहुतांशी आपल्याच देशातली. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तासभर चालणारा राग आमच्या गवयांना तेवढ्यात बसवावा लागे.

मग आला रेडिओ. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची हैदराबाद व औरंगाबाद ही केंद्रे १९५० मध्ये ऑल इंडिया रेडिओच्या ताब्यात आली. १९५३ मध्ये पुणे केंद्र निघाले, आणि १९५५-५६ मध्ये तेथूनच गदिमांच्या व सुधीर फडक्यांच्या ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते आठवड्यामागून आठवडे घरोघरी पोहोचली. रेडिओला हार घालून ऐकायला बसत, असे त्या पिढीतील माणसे सांगत. ज्याच्याकडे संच त्याच्याकडे आळी लोटे. संच बाळगायचा तर सरकारी परवाना लागे, आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. जेथे वीज नव्हती तेथे भल्या थोरल्या बॅटरीवर संच चालत.

आता या पेटीच्या पोटात डोकावू. मागचा पुठ्ठा काढला की काचेचे व्हॉल्व्ह दिसतात. ते खोबणीत बसवलेले असतात. एक गेला की उपसून दुसरा लावायचा. खालच्या बाजूला रोध आणि कंडेन्सर हाताने डाग देऊन जोडलेले. जुना संच बिघडतो तो बहुधा व्हॉल्व्हमुळे नव्हे, कंडेन्सरमुळे. मोठ्या कंडेन्सरातील द्राव सुकतो आणि गाण्याच्या मागे ‘घूं’ असा आवाज सुरू होतो. कागदी कंडेन्सर ओल धरून झिरपू लागतो. तो शेवटच्या व्हॉल्व्हच्या वाटेवरचा असला, तर व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो, तापतो आणि आपल्याबरोबर ट्रान्सफॉर्मरलाही जाळून टाकतो. काही रुपयांच्या भागापायी सारा संच जातो!

म्हणून जाणते कारागीर वर्षानुवर्षे पडून राहिलेला संच एकदम विजेला जोडीत नाहीत. आधी उंदराचे घरटे, झुरळे, कुरतडलेल्या तारा यांचा समाचार घ्यायचा. संशयित कंडेन्सर बदलायचे. मग संचाच्या वाटेत साठ किंवा शंभर वॅटचा एक साधा दिवा घालायचा. आत कोठे लाग झाला असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि संच बचावतो. दिवा क्षणभर उजळून मंद झाला की समजावे, गडी जिवंत आहे. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत असेल तर आतल्या पट्टीवरची घाण पुसली की बहुधा भागते. मात्र एक इशारा दिलाच पाहिजे: या पेटीत दोन-अडीचशे व्होल्टचा दाब असतो, तो बटण बंद केल्यावरही कंडेन्सरात काही काळ राहतो, आणि काही संचांत तर पत्र्याच्या सांगाड्यातच वीज असते. तेव्हा हौशी मुलांनी जाणत्याच्या देखरेखीशिवाय हात घालू नये. तबकड्यांचेही तसेच. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये, लाख विरघळते. आणि लाँगप्लेच्या बारीक सुईने ती वाजवू नये. तिची खाच रुंद, तिला सुईही जाड लागते.

येथे चितेगावची गोष्ट सांगायला हवी. छत्रपती संभाजीनगराहून पैठणच्या वाटेवरचे हे गाव. रंगीत दूरचित्रवाणीची लाट देशात आली ती १९८२ च्या आशियाई खेळांपासून. पुढे त्या लाटेवर स्वार झालेल्या, धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना येथे उभा राहिला. दूरचित्रवाणी संच, शीतकपाटे, धुलाईयंत्रे असा पसारा वाढला. जेथे एके काळी रेडिओ ही नवलाई, तेथून देशभर संच जाऊ लागले; पंचक्रोशीतील किती तरी घरांच्या चुली पाळीच्या भोंग्याशी बांधल्या गेल्या. पुढे कंपनी कर्जात रुतली आणि २०१८ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

कारखाना थांबतो तेव्हा कामगाराच्या घरी काय होते, ते सांगायला नको. पण त्याने बनवलेल्या संचांचे काय होते? जेथे सारे काम एकाच घरच्या खास चकतीवर सोपवलेले असते, तेथे ती चकती मिळेनाशी झाली की संच मुका होतो. ठाण्याचा मर्फीचा कारखानाही इतिहासजमा झाला. तरी मर्फीचा संच आज बोलता करता येतो. कारण त्याचे कंडेन्सर-रोध कोणाही एकाच्या मालकीचे नव्हते, आणि त्याच्या जोडण्या डोळ्यांनी दिसत होत्या, हाताने सोडवता येत होत्या. वस्तू टिकते ती निव्वळ कारखान्याच्या नावावर नव्हे. उघडता येण्यावर आणि उघडणाऱ्या हातावर टिकते.

ते हात आता थकले आहेत. गल्लीच्या तोंडाशी मिणमिणत्या दिव्याखाली बसणारे रेडिओ-दुरुस्तीवाले आपली विद्या पुस्तकात नव्हे, बोटांत साठवीत आले. ती बोटे गेली की ती विद्याही जाईल. तेव्हा या दिवाळीत माळ्यावरची पेटी खाली आली, तर तिला भंगारात घालण्यापूर्वी गावातला असा एखादा म्हातारा कारागीर शोधावा, आणि नुसता संच नव्हे, घरातले एक चौकस पोरही त्याच्यापाशी बसवावे. संच कदाचित बोलेल, कदाचित बोलणार नाही. पोर मात्र काहीतरी शिकूनच उठेल.