गठ्ठे सहा, काम एका गठ्ठ्यात

१/ खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजाच्या एखाद्या शेतकऱ्याचे वडील वारले, की वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो. फेरफार नोंदवहीत नोंद होते, नोटीस निघते, १५ दिवस हरकतींची वाट पाहिली जाते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. खरिपाआधी हे झाले नाही, तर पीककर्ज अडते. आणि कचेरीत पाहावे तर मान वर करायला कुणाला सवड नाही! या विसंगतीचा इतिहास जुना आहे.

२/ पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात भरभराटीच्या काळी सुमारे २०० कारकून होते. त्यातील ‘एक बेरीज’ दफ्तर साऱ्या हिशेबांतून वर्षाचा ‘तर्जुमा’, म्हणजे जमाखर्चाचा गोषवारा, काढी. राज्याची स्थिती थोडक्यात धन्याच्या डोळ्यांपुढे यावी, यासाठी तो सारा खटाटोप. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या दफ्तराची आबाळ झाली.

३/ पुढे इंग्रजी अमलात आवक-जावक नोंदवह्यांचे राज्य आले. कागद आला, नोंदला. कागद गेला, नोंदला. कागदाची हालचाल मोजता येऊ लागली. ज्याच्यासाठी तो हालला त्याचे काय झाले, याला मात्र त्या वहीत रकाना नव्हता.

४/ हा रोग केवळ आपला नव्हे. १९५५ साली पार्किन्सन यांनी ब्रिटिश नौदलाचे आकडे मांडले: १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, नौदल कचेरीतील अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले. ही मंडळी रिकामी बसत नव्हती. एकमेकांसाठी काम निर्माण करीत होती.

५/ महाराष्ट्रात याला पहिला मोठा धक्का अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) बसला. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपलीच कचेरी उलगडून पाहिली. वर्षानुवर्षांचे अभिलेख निवडले, मुदत संपलेले कागद काढून टाकले, बैठकव्यवस्था बदलली, निर्णयाचे अधिकार खाली सोपविले. हाच तो ‘लखिना पॅटर्न’.

६/ २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम हाती घेतली. तिचा गाभा सहा गठ्ठ्यांचा: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. अभिलेखांचे वर्गही ठरलेले: ‘अ’ कायमचे, ‘ब’ ३० वर्षांचे, ‘ड’ अवघ्या एका वर्षाचे. टेबलावरचा ढीग असा वेगळा केला, की भार वाटणारा पुष्कळसा भाग निव्वळ अडगळ असल्याचे दिसते. आज निर्णय मागणारा गठ्ठा एकच, पहिला.

७/ माझ्या मते खरी गोम दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. त्रुटी काढून अर्ज परत पाठविला, की कारकुनाचे टेबल मोकळे होते. त्याच्या लेखी निर्गती. अर्जदाराच्या लेखी आणखी एक हेलपाटा. चार त्रुटी एकाच पत्रात कळविण्याऐवजी चार वेळा कळविल्या, तर कचेरीची चार कामे होतात आणि शेतकऱ्याचे एकही होत नाही.

८/ राज्याच्या २००५ च्या विलंब प्रतिबंधक कायद्याने सर्वसाधारण नस्ती एका टेबलावर सात कार्यालयीन दिवसांपेक्षा अधिक राहू नये, असे बंधन घातले. उत्तम तरतूद. पण टेबले आठ असली आणि प्रत्येकाने आपले सात दिवस पुरेपूर वापरले, तर ५६ कार्यालयीन दिवस जातात आणि कायदा कोणीच मोडलेला नसतो.

९/ १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. उताऱ्यासाठीची खेप वाचली. मात्र नोंद प्रमाणित करणे अजून माणसाच्याच हाती आहे. ती झाली नसेल, तर पिंपळगाव राजात मोबाइलवर उतारा क्षणात उघडतो, आणि त्यावर नाव वडिलांचेच असते.